शिवणवर्गातली फीत

विज्ञानाच्या बाईंना मुलं पाठीमागे शंकाबाई म्हणत. कुणाचंच उत्तर त्यांना पटकन पटत नसे. मी त्याच शाळेचा हेडक्लार्क. दोन आकडे जुळले नाहीत की कुणीतरी लबाडी केली, एवढंच माझं शास्त्र.

एका पालकाची तक्रार आली. विश्व किती वेगानं फुगतंय याची बाई दोन उत्तरं देतात, मुलांनी परीक्षेत लिहायचं काय? बाईंचाच अभ्यास कच्चा असावा, असा मुख्याध्यापकांना संशय. तसं निघालं तर वरचा वर्ग काढून घ्यायचा, असं म्हणून त्यांनी मला मागच्या बाकावर पाठवलं.

"पंखे तपासायला आलात भाऊसाहेब, की मला?" बाईंनी विचारलं. मी पंख्याकडे बघत राहिलो.

त्यांनी वर्गाचे दोन गट केले. एकाला लाकडी मोजपट्टी, दुसऱ्याला शिवणवर्गातली फीत. व्हरांडा मोजायचा, उत्तर दुसऱ्या गटाला कळू द्यायचं नाही. उत्तरं जुळली नाहीत. लगेच एकमेकांवर लबाडीचे आरोप सुरू झाले. मला राहवेना. मी फीत मागून घेतली. सुरुवातीची बोटभर फीत गायब होती. दर वेळी माप जास्तच भरत होतं.

आकाशातही असंच झालंय, बाई सांगू लागल्या. एक गट तुलनेनं जवळचे तारे आणि ताऱ्यांचे स्फोट बघून विश्वाच्या फुगण्याचा वेग काढतो, दुसरा विश्वाच्या बालपणीच्या प्रकाशावरून. पहिल्याचं उत्तर बहुधा जास्त येतं. नव्या अवकाश दुर्बिणीनं तेच तारे पुन्हा बघितले, तरी वाद मिटला नाही. काहींचा संशय अजून फितीवर आहे, काहींचा विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीवरच.

"मग लिहायचं काय?" एका मुलीनं विचारलं.

"दोन्ही. आणि कशावरून काढलं तेही."

मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून विचारलं, बाईंना उत्तर येतं का?

"नाही," मी म्हणालो. "पण ते अजून कुणालाच येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे."

"तुम्हालाही गुंडाळलं वाटतं," म्हणत त्यांनी माझ्या हातातली फीत घेतली. आपलं टेबल आधी फितीनं मोजलं, मग पट्टीनं. दोन्ही आकडे कागदावर लिहिले. मग म्हणाले, त्या पालकांना इथेच बोलवा, टेबल मोजायला लावू. वर्ग बाईंकडेच राहिला.

परत करण्याआधी मी फितीचं टोक निरखलं. ते झिजलेलं नव्हतं, कात्रीनं सरळ कापलेलं होतं.

"बाई, ही तुम्हीच कापलीत ना?"

बाईंनी फीत गुंडाळून पर्समध्ये टाकली. "आधी सांगा, आत माझ्याबद्दल काय बोललात?"