हँडबॉल शिकवणारी रागना

रागना सोलबेर्ग फियोर्डच्या अरुंद खाडीतल्या फेरीबोटीवर गाड्या लावून घ्यायचं काम करायची. आठवड्यातून दोनदा मात्र अंगावरचं पिवळं जाकीट न काढताच ती शाळेच्या हॉलमध्ये जायची आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलींना हँडबॉल शिकवायची. वीस वर्षं, तेही फुकट. तिच्याकडे सगळ्यांना सारखाच वेळ खेळायला मिळे, चेंडू येताना बघून डोळे मिटून घेणारीलाही. गोल कुणी मोजायचे नाहीत, असा तिचा खाक्या.

"मग जिंकलं कोण?" एखादी विचारायचीच.

"जिला जास्त भूक लागलीय ती," असं म्हणून रागना वॅफलचा डबा उघडायची.

त्या मुलींत सुन्निवाचा हात जबरदस्त होता. तिचा बाप स्टाइनार एके काळी चांगला खेळायचा. तो हॉलच्या वरच्या गॅलरीतल्या कठड्याला रेलून ओरडत असे, "अगं मार ना! झोपलीस का? तिला कशाला देतेस, ती सोडणारच!"

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, सामन्याआधी, सुन्निवा कपडे बदलायच्या खोलीत बुटांच्या नाड्या न बांधता बसून होती.

"पोट दुखतंय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कालपासून. दर शुक्रवारी दुखतं." मग हळूच, "रागना, हात मोडला तर किती दिवस खेळावं लागत नाही गं?"

 रागनाने पोरीला त्या दिवशी न खेळवता आपल्या शेजारी बसवून घेतलं. बाप तरातरा खाली आला. "नाटकं आहेत तिची," एवढं बोलून तो पोरीला घेऊन निघून गेला.

सोमवारी स्टाइनारची गाडी बोटीवर आली. पलीकडच्या काठापर्यंत वीस मिनिटं लागतात आणि मधे कुणाला कुठे जाता येत नाही. रागनाने काचेवर टकटक केली.

"गाडी चुकीची लावली का?"

"नाही रे. आत बसू का? पाय दुखतायत."

बसल्यावर तिने सुन्निवाचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. स्टाइनारने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"पोरं काहीही बोलतात."

"बोलतात हेच बरं. माझी लेक तुरिल बोललीच नाही. त्याच कठड्याला मी उभी असायचे, आणि माझा आवाज तुझ्याहून मोठा. तेराव्या वर्षी तिने बूट कचऱ्यात टाकले. आज छत्तीसची आहे. नाताळला येते, गप्पा मारते. टीव्हीवर हँडबॉल लागला, की मात्र भांडी घासायला उठते."

"तिच्या भल्यासाठीच ओरडतो मी."

"ठाऊक आहे. मीही त्याचसाठी ओरडायचे."

"तुम्ही गाड्या लावा, रागना," तो रस्ता नसलेल्या पाण्याकडे बघत म्हणाला. "माझ्या घरात लक्ष घालू नका."

ती उतरली आणि पुढच्या गाड्यांकडे गेली.

दोन आठवडे सुन्निवा फिरकली नाही. आपण फार बोललो, आपल्यामुळे पोरीचा खेळच सुटला, असं रागनाच्या मनाने घेतलं. तिसऱ्या मंगळवारी दार उघडलं, आत सुन्निवा एकटीच आली.

"बाबा गाडीत बसलाय. जायचंय का, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, आज बघते."

पुढच्या सामन्याला रागनाने स्टाइनारला वॅफल भाजायला बसवलं, तेही बाहेरच्या व्हरांड्यात.

"इथून काहीच दिसत नाही," तो कुरकुरला.

"म्हणूनच," ती म्हणाली. आतून आरडाओरडा झाला की तो मान उंचावायचा आणि वॅफल करपायचा. पहिले तीन टाकूनच द्यावे लागले.

सुन्निवा अकरा वर्षांची होईपर्यंत खेळली आणि मग मैत्रिणीबरोबर कयाक वल्हवायला लागली. स्टाइनार हे सांगायला आला तेव्हा आपणच काही चोरल्यासारखा उभा होता. "चिडू नका. खुशीत आहे ती," तो म्हणाला. रागना चिडली नाही, पण तिला वाईट वाटलं. इतका चांगला हात होता.

त्या संध्याकाळी तिने तुरिलला फोन लावला. जे पंचवीस वर्षांत म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "चुकलं गं माझं."



"आई," तुरिल म्हणाली, "मला खेळायला आवडायचं. तू कामावर असलीस, की फार आवडायचं."

रागनाला हसूही आलं आणि रडूही. फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही.