हनोईला जाऊन आलेला माणूस

खताच्या कंपनीने आम्हा दुकानदारांना हनोईला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी आनंदाआधी घाबरलो; परदेशात कधी गेलोच नव्हतो. त्याच आठवड्यात वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात खिचडी सांगून बसची वाट बघताना एक गृहस्थ भेटले. तेही खतवालेच, आदल्या साली हनोईला जाऊन आलेले. बोलताना डोळे मिटून घ्यायचे, जणू ते शहर पापण्यांच्या आतच होतं.

मी विचारलं, "तिथं राहावं कुठं?"

"खोलीत पाणी तापवायची इलेक्ट्रिकची किटली असंल तिथं. बाकी काई पाहू नका."

"आणि खायचं?"

"त्याच किटलीत खिचडी लावायची. दाळ-तांदूळ घरून न्यायचे. काई तकलीफ न्हाई."

"बाजारातून काय आणावं?"

"मी तर किटलीच आणली."

"शहर कसं आहे पण?"

"लई भारी! खिडकीतून समदं दिसतं."

तेवढ्यात हॉटेलवाल्याने आमच्यापुढे खिचडीच्या प्लेटा ठेवल्या. या फाट्यावरच्या खिचडीसाठी लोक मुद्दाम गाड्या थांबवतात. गृहस्थांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि हळूच प्लेट बाजूला सरकवली.

"न्हाई," ते म्हणाले, "हिला हनोईची सर न्हाई."