माझ्या नावावरची गाडी

मी बोलायला तिखट माणूस. उभा जन्म पोरांना गणित शिकवण्यात गेला, त्यात आवाज चढला तो रिटायर झाल्यावरही उतरला नाही. बायको म्हणायची, "अहो, समोरच्याचं वाक्य तरी पुरं होऊ द्या." मी म्हणायचो, वाक्य सुरू झालं की मला त्याचा शेवट कळतो. माज होता, दुसरं काय.

डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा लेकीनं बजावलं, बाबा, आता गाडी चालवणं पुरे. म्हणून गाडी विकायला काढली. औरंगपुऱ्यात एका बोळात एजंट बसायचा. त्यानं कोरे फॉर्म पुढं सरकवले. "सर, तुम्ही फक्त सह्या ठोका. नाव कुणाचं चढवायचं ते गिऱ्हाईक बघून घेईल." आमच्याकडं सगळे असंच करतात. गाडी एकाची, कागद दुसऱ्याचे, आणि मधले दोन-तीन हात कुणालाच ठाऊक नसतात. मीही सह्या ठोकल्या आणि रिक्षानं घरी आलो.

एक गोष्ट मात्र मी एजंटाला सांगितली नाही. विकायच्या महिनाभर आधी, भर दुपारी, पडेगावच्या वळणावर स्टेअरिंग एकाएकी दगड झालं. समोर एक पिवळा दिवा लागला. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन गाडी कशीबशी कडेला घेतली. बंद करून पुन्हा चालू केली तर काहीच झालं नाही अशी चालायला लागली. गॅरेजवाल्याला दाखवली, त्यालाही काही सापडलं नाही. मी गप्प बसलो. विकताना असल्या गोष्टी कोण सांगतं? बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

वर्षभरानं कंपनीचं पत्र आलं, माझ्या नावानं. त्या लॉटच्या गाड्यांमध्ये पॉवर स्टेअरिंगच्या मोटरीत दोष आहे, चालता चालता ती बंद पडू शकते, गाडी ताबडतोब आणा, पार्ट फुकट बदलून देऊ. मी ते उभ्यानंच वाचलं आणि पडेगावचं वळण आठवलं. शोरूमला फोन केला. पलीकडची पोरगी म्हणाली, "सर, गाडी घेऊन या." म्हटलं, गाडी माझ्याकडं नाही. "पण सर, आमच्याकडं तर तुमचंच नाव दिसतंय." तिच्यावर ओरडलो. तिचा काय दोष होता?

एजंटानं लई आढेवेढे घेतले. "विकली ती विकली सर, कशाला नसता नाद करता?" शेवटी बोलला. गाडी पाचोडच्या एका माणसाकडं होती. रेडिमेड कपड्यांवाला, गाडीत गठ्ठे भरून गावोगावचे बाजार करायचा. त्याला फोन लावला आणि 'गाडीचे कागद' एवढे दोन शब्द उच्चारले तर त्यानं फोनच कापला. मग बाजाराच्या दिवशी एसटीनं मीच पाचोड गाठलं.

गाडी त्याच्या पालामागंच उभी होती. माझीच, पण आरशाला हिरवी झालर लावलेली. तो पस्तिशीतला, शांत बोलणारा. त्याची बायको लहान पोरींचे फ्रॉक दोरीला अडकवत होती. मी कोण ते कळायच्या आधीच त्यानं स्टूल पुढं केलं. "या चाचा, बसा. चाय घ्या." आणि मी काय केलं? पत्र काढलं, वर्गात लावायचो तसा आवाज लावला. "ही गाडी माझ्या नावावर आहे. आज ती शोरूमला गेली पाहिजे. चावी आण."

तिच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. तो म्हणाला, "सर, एजंटला पुरे पैसे दिले मी. खुदा कसम."

"पैशाचं कोण बोलतंय रे? स्टेअरिंगचं बोलतोय मी! स्टेअरिंग खराब आहे."

"स्टेअरिंग तर मक्खन हाय सर."

तोवर माणसं जमली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "कागद त्यांचे ना? घेऊन चालले मंग गाडी. असंच करत्यात हे शहरवाले." मी समजावायला गेलो तो शब्दानं शब्द वाढला. त्या वेळी एकच वाक्य बोलायला पाहिजे होतं, की बाबा, हे माझ्या हातात असताना झालंय, मी मरता मरता वाचलोय. पण चारचौघांत ते बोललो असतो तर बिघडलेली गाडी गळ्यात मारणारा मीच ठरलो असतो. ते वाक्य गिळलं आणि म्हणालो, "नाही ना ऐकायचं? मर मग!" पत्र फ्रॉकांच्या ढिगावर फेकलं आणि एसटी स्टँडकडं चालू लागलो.

परतताना सगळा रस्ता त्याची बायको डोळ्यांपुढं होती. ती त्याच्या शेजारच्याच सीटवर बसत असणार. मला माझीच लाज वाटली, पण लाजेनं माणूस बसमधून उतरून मागं जातो असं नाही.

पुढं दोन महिने पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या बघायचो. एकदा मोबाईलवर चलन आलं, सीट बेल्ट नाही म्हणून. गाडी माझ्या नावावर, तेव्हा फोटोही मलाच आला. काचेमागं तो आणि ती दिसत होते. म्हटलं, जिवंत आहेत. इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून फोटो दाखवला.

त्याच सुमारास माझ्या जुन्या सहकाऱ्याला कुणीतरी ओटीपी विचारून नागवलं. सगळ्या पेन्शनरांनी धसका घेतला होता. आणि एका दुपारी मला फोन आला. कुणी तरुण पोरगा, घाईत. "सर, तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?"

"मला येडा समजला काय रे?"

"सर, ऐकून तर घ्या, तुमची गाडी..."

गाडी म्हटल्यावर मला पुढचं सगळं कळलं. आता म्हणणार, बक्षीस लागलीय. त्याची आई-बहीण काढून फोन ठेवला. पुन्हा दोनदा वाजला, मग नंबरच ब्लॉक केला. चहा घेताना बायकोला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंत.

त्या फोननंतर अकराव्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. अमुक नंबरची गाडी तुमचीच ना? या.

ठाण्याच्या आवारात गाडी उभी होती. पुढचा भाग राहिलाच नव्हता. आरशाची हिरवी झालर ड्रायव्हरच्या सीटवर पडली होती, मागं फ्रॉकांच्या पिशव्या. बाजारावरून येताना वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ लिंबाच्या झाडावर गेली. तो जागीच गेला. त्याची बायको घाटीच्या सरकारी दवाखान्यात होती, तिला अजून सांगितलं नव्हतं. हे सगळं मला त्याच्या थोरल्या भावानं सांगितलं. बाकावर एकटाच बसला होता. मला बघून उठला, बसायला जागा केली.

"तुमचा कागद त्यानं फेकला नाय सर," तो म्हणाला. "पोरीकडून वाचून घेतला. म्हणला, सर तापट हायत, पण खोटे नायत. बाजार बुडवून गाडी शोरूमला नेली. दिवसभर बसला तिथं. त्यांचं म्हणणं, मालकाच्या मोबाईलवर नंबर जातो, तो सांगितल्याबिगर काम सुरू होत नाय. त्यांच्या पोरानं तुम्हाला फोन लावला. तुम्ही लई रागावले म्हणे."

मी खिशातला मोबाईल चाचपला.

"मी म्हणलं, सरांच्या घरी जा. तर म्हणला, अजून रागात हायत माझ्यावर. बाजारात त्यांचा मान नाय ठेवला मी. थोडा राग उतरू दे, मंग मिठाई घेऊन जातो, माफी मागतो."

मोबाईल काढला. मेसेज तसाच होता. गाडीचा नंबर, स्टेअरिंगच्या कामाचा उल्लेख, खाली चार आकडे, आमच्या माणसाला हे सांगा. मी तो उघडलासुद्धा नव्हता. गणित पुरं वाचल्याशिवाय सोडवायला घेतलं म्हणून मी पोरांना छडीनं मारलंय.

"मला वाटलं, कुणी चोर आहे," मी कसंबसं म्हणालो.

"व्हय ना. आजकाल ओटीपी कोण देतंय सर. तुमची काय चूक?" त्यानं डोळे पुसले. जमादारानं कागद आणून ठेवला, मालकाची सही लागेल म्हणाला. भाऊ बराच वेळ त्या गाडीकडं बघत राहिला. मग त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "सर, तुमच्याकडं होती तवा कधी झालं होतं का हो असं?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, आणि सही करायला खिशातला पेन काढून मला दिला.