चार माळांचा खंड

मेघनाचं डोकं मुळातच गरम. कॅन्सरच्या इस्पितळात ती किरणांचं गणित मांडते: किती मात्रेनं गाठ मरेल आणि शेजारचा चांगला गळा किती सोसेल. तिचे काका केशवराव, निवृत्त वकील, यांच्या घशातल्या गाठीचं गणितही तिनंच मांडलेलं. एकही दिवस चुकवू नका, असं तिनं त्यांना दहादा बजावलं होतं.

पाचव्या माळेला तिला कळलं, की घट बसल्यापासून काका फिरकलेच नाहीत. "नवरात्र है, बाद में आतौं" असं काउंटरवर दखनीत सांगून मोकळे. आणि तिथल्या शहाण्यांनी "हौ" म्हणत, मान डोलावून तारखा पुढे ढकलल्या. तिला विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. मेघनानं स्कूटर काढली ती थेट बरकतपुऱ्यात काकांच्या घरी.

काका देवघरात पाटावर बसलेले. घटापाशी बसणाऱ्यानं नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही, ही घराण्याची रीत. बसल्या आवाजात म्हणाले, "राहिलेले दिवस शेवटी जोड. हिशेब जुळला."

"डोंबल जुळला! किरणांचा मार खाल्लेली गाठ खंड पडला की दुप्पट जोरानं वाढते, काका. नुसते दिवस जोडून ती मरत नाही, आणि मात्रा वाढवली तर चांगला गळा करपतो. मग पाणीसुद्धा नळीनं प्यायचं. आजपासून दिवसातून दोनदा आलात तर निदान काही भरून निघेल. मध्ये सहा तास सोडायचे, तेवढ्यात चांगलं मांस सावरतं. नऊ दिवस इथंच बसलात तर माझ्या हातात काही उरत नाही."

"अखंड दिवा आहे. मी उठलो तर सांभाळणार कोण?"

दारात उभ्या कुसुमकाकूंचा संयम सुटला. "आजवर कोणी सांभाळला? रात्री तुम्ही घोरता आणि तेल मी घालते. उठा म्हणते ना."

केशवराव उठले. बायकोकडे न बघता त्यांनी चपला घातल्या.

स्कूटर तिथंच सोडून मेघनानं त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "या चार दिवसांनी मी मरणार का?"

"गणित शंभर माणसांचं सांगतं, काका. असा खंड पडला की त्यातली चार-पाच जास्त दगावतात. तुम्ही त्यांतले की नाही, ते मला कळत नाही."

तिला त्यांचा इतका राग आला होता, की त्यांचा हात तिनं दुखेल इतका घट्ट धरला.