चूल आमच्या अंगणात

पुण्याच्या चुलत भाचीचा फोन आला. कॉलेजात तिला प्रकल्प दिलाय, लहान गावांतल्या लोकवस्तीचा. "मावशी, पालममध्ये कोणकोणत्या समाजाचे लोक राहतात गं? साधारण टक्के सांग." म्हटलं, बाई, टक्के सरकारला विचार. मी शाळेत पोरं शिकवली, माणसं मोजत बसले नाही. पण कोण कुणाच्या घरी काय खातं आणि काय खात नाही, ते झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. ती हसली आणि म्हणाली, त्याचा उपयोग नाही. नाही तर नाही. तिला नको असेल तर मी इथं सांगते.

आमच्या गल्लीत आमचं एक बामणाचं घर. शेजारी वाणी, कोपऱ्यावर किराणावाले मारवाडी, मागच्या अंगाला मराठ्यांची आणि धनगरांची घरं, त्यांतले बरेच माळकरी. पलीकडं बौद्धवाडा, आणि बाजारच्या दिवशी तांड्यावरून येणाऱ्या बंजारा बाया. आमच्या अगदी समोर चाची. चाची म्हणजे आईच्या बरोबरीच्या मुसलमान शेजारीण, आई त्यांना भाभी म्हणते. स्टँडजवळचं बांगड्यांचं दुकान त्यांचंच. ह्या सगळ्यांचं फार गुण्यागोविंदानं चालायचं असं मी म्हणणार नाही. भांडणं होती, आणि अमक्याच्या घरचं पाणीसुद्धा न घेण्याचा शहाणपणा आमच्यासारख्या घरांत भरपूर होता. पण एकमेकांवाचून चालतही नव्हतं, म्हणून गावानं त्यातून आपल्या वाटा काढल्या होत्या. शिजलेलं जात नसेल, तर कोरडं जायचं.

रमजान ईदला चाचींकडून शेवया, खारका, चारोळी, साखर यायची, सोबत दुधाचं भांडं. आई आपल्या चुलीवर शीरखुर्मा करायची. दिवाळीला मात्र आमच्याकडून तळलेल्या करंज्या जायच्या. म्हणजे इकडून तिकडं शिजलेलं, आणि तिकडून इकडं कच्चं. लहानपणी मी चाचींना सरळ विचारलं होतं, तुम्ही शिजवून का नाही देत? चाची म्हणाल्या, "तुज्या आईच्या हाताला लय चव हाय, म्हनून." आई दाराआडच उभी होती.

सगळ्यात मोठी वाट निघाली ती लग्नातली. चाचींच्या घरी लग्न निघालं, की शाकाहारी माणसांचं जेवण आमच्या अंगणात शिजायचं. आठ दिवस आधी चाची खोबऱ्याच्या वाटीत साखर घेऊन यायच्या, ती आईच्या हातात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बाई, चूल मांडा." मग आई माळ्यावरची मोठी भगुणी काढायची, आचारी सांगायची, आणि वांग्याच्या भाजीपासून बुंदीपर्यंत सगळ्यावर तिची नजर. वाणी, मारवाडी, माळकरी अंगणात शिरताना एकच विचारायचे, "बाई हायेत ना?" आई दिसली की मांडी घालून बसायचे. पंगती उठल्यावर सगळ्यात शेवटी आई आणि चाची समोरासमोर बसून जेवायच्या, आणि कुणी किती पुऱ्या हाणल्या त्यावर हसायच्या. माझ्या आईला माझ्या लग्नाची हौस फिटली नाही, कारण मी ते केलंच नाही. तिची सगळी हौस चाचींच्या पोरींच्या लग्नांत फिटली.

दोन वर्षांपूर्वी आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत का होईना चालायला लागली, हात मात्र राहिला तो राहिलाच. डाव्या हातानं ती जेवणार नाही. घरात मी भरवते. पण चार लोकांत लेकीच्या हातून घास घ्यायची तिला लाज वाटते, म्हणून बाहेर जेवणं तिनं सोडलंच. कुणाकडं कार्य असलं की हजेरी लावायची, अक्षता टाकायच्या आणि घरी यायचं.

तशात चाचींच्या नातीचं लग्न ठरलं. ठरलं त्या दिवसापासून आई चाचींची वाट पाहायला लागली. मला भगुणी काढायला लावली, चिंच लावून घासायला लावली. "आचाऱ्याला आधीच सांगून ठेव गं, मग मिळत नाहीत." मी म्हटलं, अगं, अजून त्यांनी सांगितलं कुठं? तर म्हणते, "सांगतील की. कधी चुकल्यात का?" सकाळी नीट वेणी घालून घ्यायची आणि दाराकडं तोंड करून बसायची. तिला दुसरं काही नको होतं. त्या खोबऱ्याच्या वाटीसाठी ती बसली होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

चाची आल्या, हातात पत्रिका. खोबरं नव्हतं. "लेकानं लोहा रोडचा हॉल घेतलाय, बाई. परभनीचा केटरर हाय. तुमच्या लोकायचं टेबल येगळं ठेवायलाय. तुमाला ह्या तब्येतीत तरास नको, म्हनलं." आई म्हणाली, "बरं केलंत. माझ्याच्यानं आता काय होतंय." हसून म्हणाली. चाची गेल्यावर मला सांगितलं, भगुणी वर ठेवून दे. मी ती जरा आदळतच ठेवली. चाचींचा राग आला होता, उगीच कशाला खोटं बोलू. काळजीपोटी केलंय हे कळत होतं, तरी आला.

लग्नाला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण चाचींनी सकाळीच रिक्षा पाठवली आणि आई तर केव्हाची तयार होऊन बसली होती. हॉल सजवला होता झकास. एका बाजूला पडदा लावून वेगळं टेबल होतं, त्यावर पुरी, भाजी, वरणभात, बुंदी, सगळं. आणि त्या टेबलापाशी कुणी नाही. आमच्या गल्लीतली माणसं यायची, नवरीला पाकीट द्यायची, पाण्याची बाटली घ्यायची आणि निघायची. मारवाड्याचं पोट बरं नव्हतं. वाण्याच्या सुनेचा सोमवार होता, आणि वार तर गुरुवार. माळकरी आजोबा ताट हातात घेऊन आले, वाढणाऱ्या अनोळखी पोरांकडं पाहिलं आणि ताट परत ठेवलं. त्या दिवशी अर्ध्या पालमला उपवास होता. पूर्वी एवढं नव्हतं. आता मोबाईलवर रोज काहीबाही येतं, ते माणसं गिळतात आणि पुरी गिळायला घाबरतात.

चाचींना दिसलंच. त्यांच्या दारातून माणूस उपाशी गेलेला त्यांनी कधी खपवून घेतला नव्हता. त्या तशाच मेंदीच्या हातांनी आमच्याकडं आल्या, हातात एक वाढलेलं ताट. आईसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"बाई, माजं चुकलं. चूल तुमच्याकडंच मांडायला पायजे होती. आता तुमी हात लावल्याबिगर ह्याला कोनी शिवना."

आईनं उजवा हात मांडीवरून उचलायचा प्रयत्न केला. तो उचलेना. "कुठला हात लावू, भाभी?" ती म्हणाली.

मी पुढं झाले, की भरवते. पण चाचींनी मला हातानंच थांबवलं. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि आईच्या तोंडासमोर धरला. एवढ्या वर्षांत चाचींकडचं शिजलेलं आईनं तोंडात घातलं नव्हतं, आणि घ्या असं चाचींनी एकदाही म्हटलं नव्हतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. त्या दोघींकडं पडद्याजवळची माणसं बघत होती, तेही दोघींना ठाऊक होतं. आईनं एकदा त्या मेंदीच्या बोटांकडं पाहिलं, एकदा चाचींकडं, आणि तोंड उघडलं.

सावकाश चावून झाल्यावर म्हणाली, "मीठ कमी आहे."

"ए, मीठ आन रे इकडं," चाचींनी वाढणाऱ्याला हाक मारली. त्यांचे डोळे गळायला लागले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दुसरा घास त्यांनी तसाच केला. थोड्या वेळानं माळकरी आजोबांनी परत ठेवलेलं ताट उचललं. "बाई जेवायल्यात," असं कुणीतरी दाराकडं जाऊन सांगितलं असावं, कारण मग मारवाड्याचं पोट बरं झालं. वाण्याच्या सुनेनंही बुंदी घेतली. आई मात्र कुणाकडं बघत नव्हती. ती चार लोकांत पोटभर जेवत होती, दोन वर्षांनी.

यंदा ईदला चाचींची सून नेहमीप्रमाणं पिशवी घेऊन आली. शेवया, खारका, चारोळी, साखर आणि दुधाची पिशवी. मी ते घेऊन आत निघाले, तर आई बाजेवरून ओरडली. "ठेव ते खाली. हे कोण शिजवायलंय आता?"

मी म्हटलं, मी करते की. दोन वर्षं झाली, तुझ्याच सांगण्यानं करते.

"तुला विचारलं नाही," म्हणाली. मग सुनेकडं वळली. "पोरी, हे घेऊन जा परत. सासूला सांग, चूल आता तुमच्याकडं. आणि गरम आहे तोवर स्वतः घेऊन या म्हणावं, मला भरवायला लागतं."

सून माझ्याकडं बघायला लागली. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि दार उघडंच ठेवलं.