सरकारची बाजू

टाळ्या वाजवणाऱ्या एका माणसाचे डोळे भरून आलेले पाहिले आणि तो रविवार मनातून जाईना.

धोरणं ठरवणाऱ्यांत उद्या आपल्या खेड्यापाड्यांतलीही मुलं असावीत म्हणून आम्ही काही तरुण मिळून एक संस्था चालवतो. दर रविवारी वाटाघाटींचा सराव असतो. त्या दिवशीचा विषय होता धरणासाठी उठवलं जाणारं गाव. चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्याकडे शिकणाऱ्या सारिकाला सरकारची बाजू आली. तिचं स्वतःचं गाव तिच्या जन्माआधीच धरणात गेलेलं.

"बदलून देऊ का?" मी विचारलं.

"नको दादा, जमेल मला."

आणि जमलंच. आवाज न चढवता, समोरच्यांचं दुःख मान्य करत, नव्या जमिनीचा, शाळेचा शब्द देत ती इतकं सुरेख बोलली, की गावाच्या बाजूची मुलंही टाळ्या वाजवू लागली. तिला न्यायला आलेले वडील मागच्या बाकावर होते. डोळे भरले होते ते त्यांचे.

ती धावत गेली. "आबा, कसं झालं?"

"लई झ्याक." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सायेब बी असंच ग्वाड बोललं हुतं. आमी बी टाळ्या वाजवल्या हुत्या, पोरी. जमीन अजून मिळायची हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, लेकीचं कौतुकच होतं. शब्द कसा द्यावा हे आम्ही मुलांना शिकवतो. तो पाळण्याचा सराव मात्र आमच्या कुठल्याच रविवारी झालेला नाही.

सारिका वडिलांचा हात दोन्ही हातांत धरून नुसती उभी राहिली.