नंबर पडेपर्यंत

सावेडीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी बारा वर्षं काउंटरवर आहे. मध्ये एका वर्षी डॉक्टरांनी मोठं सॉफ्टवेअर घेतलं. नोंदणी, औषधं, खाटा, विमा, सगळं एकाच साखळीत. पेशंटचा नंबर पडल्याशिवाय औषधाच्या खोलीतून सुईसुद्धा निघत नसे.

एके दुपारी काष्टीकडून जीप आली. गवत कापताना एका बाईच्या पायाला घोणस चावली होती. पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा. तिचा नवरा काउंटरवर आदळलाच.

"बाई, आधी विंजेक्शन द्या!"

"नंबर पडू द्या, दादा. आधार, पिनकोड, व्यवसाय..."

एकेक रकाना लाल होत होता. पिनकोड त्याला येईना. मी अंदाजाने टाकला, तर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. मागे ती बाई रक्त ओकली.

त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिल्या घावात काच फुटली, दुसऱ्यात पडदा. तिसरा माझ्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

मग रखवालदार आणि दोन कंपाउंडर त्याच्यावर तुटून पडले. फरशीवर पाडून लाथांनी तुडवलं. त्याचे दोन दात माझ्या चपलेजवळ पडले. मीही काउंटरबाहेर आले आणि मोडका हात छातीशी धरून त्याच्या बरगडीत लाथ घातली. एकदा नाही, दोनदा. ती बाई स्ट्रेचरवरून बघत होती.

तोवर डॉक्टरांनी औषधाच्या खोलीचं कुलूप फोडलं होतं. बाई वाचली. पायाचं मांस मात्र बरंच काढावं लागलं.

पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आला. म्हणाला, तातडीच्या पेशंटसाठी वेगळा भाग जोडून देतो. प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवून मी म्हणाले, "आणखी काही जोडू नका. मला तीन रकाने द्या. नाव, गाव, काय झालं."

डॉक्टर म्हणाले, "अहो, सगळं एका जागी असलेलं बरं."

"एका जागी होतं म्हणूनच सगळं एकदम अडलं, सर."

आमच्या नर्सच्या बहिणीने चार दिवसांत मोबाईलवर उघडणारं एक साधं पान करून दिलं. खाटांसाठी दुसरं. एक बंद पडलं तरी दुसरं चालतं. मोठं सॉफ्टवेअर आता विम्यापुरतं उरलंय.

पोलिसांना मी त्याने मारलं तेवढंच सांगितलं. माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

बायकोच्या ड्रेसिंगला तो यायचा, पण काउंटर टाळून. एकदा समोर आला, माझ्या मनगटाकडे बघत म्हणाला, "हात सुटला माजा."

"मीही मारलं तुम्हाला. लाथेने."

त्याने मान हलवली. "तवा कोन मारतंय ते दिसत न्हवतं."

आतून बायकोने हाक मारली. तो तिला धरायला गेला.